बसणं, श्वास आणि कंबर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोक काढून बसलं की श्वास कमी पडतो म्हणतात. हे खरं, की नुसतं ताठ बसवायला सांगतात?

खरं आहे, आणि घरी तपासता येतं. नेहमीसारखं पोक काढून बसा, पूर्ण श्वास घ्या आणि एका दमात, मध्यम आवाजात, एक-दोन-तीन मोजत जा. कितीपर्यंत गेलात ते लक्षात ठेवा. दोन मिनिटं थांबून, बुडाखाली चादरीची जाड घडी घेऊन, पाऊल टेकवून पुन्हा मोजा. साधारणपणे आकडा वाढतो. मोजताना वेग तोच ठेवा, नाहीतर आपणच आपल्याला फसवतो.

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू आहे. श्वास घेताना हा घुमट खाली उतरतो: शांत बसलेलं असताना एक-दोन सेंटिमीटर, खोल श्वासात सात ते दहा सेंटिमीटरपर्यंत. तो खाली यायचा तर पोटातल्या अवयवांना पुढे आणि बाजूंना सरकायला जागा हवी. पोक काढल्यावर बरगड्यांची खालची कडा ओटीपोटाकडे झुकते, पोटाला घडी पडते आणि ती जागाच उरत नाही. मग शरीर दुसरी वाट काढतं. मानेचे आणि खांद्यांचे स्नायू वरच्या बरगड्या ओढून धरतात, श्वास उथळ आणि भरभर होतो. मिनिटाला १२ ते २० श्वास, म्हणजे दिवसभरात हजारो वेळा मानेला हे परकं काम करावं लागतं. संध्याकाळी मान-खांदे भरून येण्यामागे अनेकदा स्क्रीनइतकाच हाही वाटा असतो.

अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी लोकांना वेगवेगळ्या पद्धतींनी बसवून फुप्फुसांची क्षमता मोजली. पोक काढून बसल्यावर ती सर्वांत कमी भरली, कंबरेला आधार दिल्यावर सुधारली. पण घाबरू नका: निरोगी माणसाला पोक काढल्यामुळे प्राणवायूची कमतरता होत नाही. श्वास घ्यायला मेहनत जास्त पडते, इतकंच.

कंबरेच्या मणक्यांचा श्वासाशी काय संबंध?

थेट हाडांचा संबंध आहे. श्वासपटलाची मुळं कंबरेच्या मणक्यांना चिकटलेली असतात: उजवीकडे वरच्या तीन मणक्यांना, डावीकडे वरच्या दोन. त्यामुळे हा स्नायू श्वासासाठी जसा लागतो, तसा कणा सावरायलाही लागतो.

गव्हाचं गच्च भरलेलं पोतं भिंतीशी न टेकवताही उभं राहतं, अर्धं रिकामं पोतं मधेच बसतं. पोटाचंही तसंच. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ, पुढे आणि बाजूंना पोटाचे आतले स्नायू, मागे कण्यालगतचे बारीक स्नायू. श्वासपटल खाली उतरलं की आत हलका दाब तयार होतो आणि तो कंबरेला आतून टेकू देतो. पोक काढून छातीनेच श्वास घेत राहिलात तर हा टेकू ढिला पडतो, आणि कंबर अस्थिबंधांवर (हाडांना हाडं जोडणाऱ्या पट्ट्यांवर) लटकते.

लहानपणापासून "ताठ बस" ऐकतोय. ताठ बसलं की दहा मिनिटांत पाठ भरून येते. माझंच काही चुकतंय का?

सांगणाऱ्यांचं चुकलं. "खांदे मागे, छाती पुढे" ही सूचना वरून खाली जाते, कणा मात्र खालून वर उभा राहतो. पाया मागे कलंडलेला ठेवून नुसती छाती पुढे काढली की पाठीचे लांब स्नायू सतत आवळलेले राहतात, खालच्या बरगड्या पुढे उघडतात, आणि पाठीमागच्या बरगड्या श्वासाबरोबर हलेनाशा होतात. म्हणजे पोक काढून पुढची बाजू बंद, ताठून मागची बाजू बंद. श्वासाच्या दृष्टीने दोन्ही वाईटच.

पाया म्हणजे बैठकीची दोन हाडं. कडक खुर्चीवर बसून एका बाजूच्या बुडाखाली तळहात वर करून ठेवा आणि थोडं पुढे-मागे डुला. हाताला एक टणक गोल हाड रुतेल, तेच ते. आता मुद्दाम पोक काढा: हाड पुढे घसरतं आणि वजन माकडहाडाच्या बाजूला जातं. मग कंबर पुढे ओढून ताठा: हाड मागे जातं आणि मांडीवर भार येतो. या दोन टोकांच्या मध्ये एक जागा सापडते, जिथे हाड सरळ खाली रुततं. तिथे थांबा, खांदे सोडून द्या, हनुवटी किंचित आत. पाठीला फारसा जोर पडत नाही हे जाणवलं, तर जागा बरोबर आहे.

खूण हवी असेल तर दोन्ही हात खालच्या बरगड्यांवर, अंगठे मागे ठेवून श्वास घ्या. बोटं आणि अंगठे दोन्ही बाहेर ढकलले गेले पाहिजेत. नुसती बोटं हलली आणि अंगठे स्थिर राहिले, तर तुम्ही ताठला आहात. काहीच न हलता खांदे वर गेले, तर पोक आहे. आरशापेक्षा ही खूण भरवशाची.

ऑफिसच्या खुर्चीत मापं काय ठेवायची?

खालून सुरुवात करा, हाच क्रम.

१. पाऊल पूर्ण टेकलं पाहिजे. बाजारातल्या बऱ्याच खुर्च्यांची बैठक जमिनीपासून ४५ सेंटिमीटरच्या आसपास असते. पाच फूट उंचीच्या व्यक्तीला ती जास्त होते, पाय लोंबतात, वजन मांडीच्या मागच्या बाजूला येतं आणि मुंग्या येतात. खुर्ची खाली जात नसेल तर पायाखाली दोन-तीन इंचांचा पाट किंवा घट्ट बांधलेला रद्दीचा गठ्ठा घ्या.

२. गुडघा खुब्याच्या बरोबरीने किंवा बोटभर खाली. वर कधीच नको.

३. बूड खुर्चीच्या पाठीला पूर्ण मागे न्या. बैठकीची कडा आणि गुडघ्यामागची खोबण यांत दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. राहत नसेल तर बैठक तुमच्यासाठी खोल आहे. पाठीमागे जाडसर उशी घेऊन ती कमी करा.

४. कंबरेच्या खोलगट भागात, पट्टा बांधतो त्याच्या किंचित वर, आंघोळीच्या टॉवेलची गुंडाळी. न दाबता दहा सेंटिमीटर जाड असली की बसल्यावर बरोबर होते. बरगड्यांमागे ठेवली तर उलट काम करते, छाती पुढे ढकलते. सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

५. पाठ १०० ते ११० अंशांत कललेली. काटकोन ही शाळेच्या बाकाची सवय.

६. कोपर टेबलाच्या उंचीला, स्क्रीनची वरची कडा डोळ्यांच्या पातळीला, अंतर हातभर. लॅपटॉप असेल तर तो चार-सहा इंच उचलून वेगळा कीबोर्ड घ्यावाच लागतो. लॅपटॉपवर मान आणि मनगट दोघांचंही भलं एकाच वेळी होत नाही.

महागडी खुर्ची घेण्याआधी पहिल्या चार गोष्टी करून बघा. अनेकांना मग खुर्ची बदलायची गरज उरत नाही.

मांडी घालून जमिनीवर बसणं खुर्चीपेक्षा चांगलं ना?

ज्याचे खुबे मोकळे आहेत त्याला चांगलं. बाकीच्यांना पोक काढायची आणखी एक जागा.

मांडी घातल्यावर गुडघे खुब्यांपेक्षा वर राहत असतील, तर ओटीपोटाभोवतीचं हाडांचं कडं मागे कलंडतं, कंबरेचा नैसर्गिक आतला बाक पुसला जातो आणि पोक आपोआप येतो. तिथे मनाचा निश्चय काही कामाचा नाही, हाडं त्या कोनात सरळ उभी राहूच शकत नाहीत. उपाय बुडाखाली उंची देण्याचा. जुन्या घरांत जेवायला पाट असायचा, त्याची दीड-दोन इंच उंची नेमकं हेच करायची. बी. के. एस. अय्यंगार यांच्या पुण्यातल्या पद्धतीत (शिवाजीनगरची त्यांची संस्था १९७५ पासून आहे) सुखासनाला घडीच्या चादरी देतात, तेही याच कारणाने.

सोलापुरी चादर चौपदरी करून वर दुसरी ठेवा. दाबल्यावर तीन इंच उरले पाहिजेत. मऊ उशी नको, ती पाच मिनिटांत बसते आणि एका बाजूला कलते. घडीच्या मधोमध न बसता पुढच्या कडेवर बसा, म्हणजे बूड वर आणि मांड्या उतारावर येतात. तरीही गुडघे अधांतरी असतील तर आणखी एक घडी वाढवा, आणि गुडघ्यांखाली छोट्या उशा द्या. लाज वाटायचं कारण नाही. तीन इंचांनी बसवलेली पाठ शून्य इंचांवरच्या वाकड्या पाठीपेक्षा बरी. दर वेळी एकच पाय पुढे येतो का पाहा आणि मांडी बदला.

गुडघ्यांची झीज असेल तर मांडी घालू नका. चौरंग किंवा खुर्ची घ्या.

सवाईला किंवा मैफलीला चार-चार तास भारतीय बैठकीत बसावं लागतं. कंबर धरते. काय करावं?

एका जागी चार तास कुठल्याच आसनात बसू नये, गाणं कितीही रंगलेलं असो. घडी सोबत न्या; नुसत्या सतरंजीवर बूड पायांच्या पातळीलाच राहतं. विलंबित चालू असताना मांडी, द्रुत सुरू झालं की एक गुडघा उभा करून (विळीवर बसतात तसं), मग दुसरा, मग पाय एका बाजूला. आवर्तनं मोजत बदललंत तर शेजाऱ्यालाही त्रास नाही. दोन कलाकारांमधल्या वेळेत चहाच्या रांगेत उभं राहणं हा उत्तम व्यायाम आहे.

बसल्यावर कंबरेच्या मणक्यांमधल्या गादीवर (डिस्कवर) उभं राहण्यापेक्षा जास्त दाब येतो, हे खरं का?

अर्धं खरं. स्वीडनचे अस्थितज्ज्ञ आल्फ नॅकेमसन यांनी १९६०-७० च्या दशकांत मणक्यांमधल्या गादीत सुई घालून दाब मोजला. त्यांना आधाराशिवाय बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षा सुमारे ४० टक्के जास्त आढळला आणि तेव्हापासून हे वाक्य सगळीकडे फिरतंय. पण जर्मनीत १९९९ साली नव्या साधनांनी एका स्वयंसेवकावर केलेल्या मोजणीत चित्र वेगळं निघालं. उभं असताना ०.५ मेगापास्कल (दाब मोजायचं एकक), आधाराशिवाय बसल्यावर ०.४६, खुर्चीत सैल रेलून सुमारे ०.३. मात्र बसून पूर्ण पुढे वाकल्यावर ०.८३ आणि पाठ वाकवून २० किलो उचलताना २.३.

म्हणजे सगळा दोष बसण्याला देणं बरोबर नाही. पुढे वाकून बसणं, आणि त्याच अवस्थेत तासन् तास राहणं, हे महागात पडतं. गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसतात. दाब कमी-जास्त होत राहिला की तिला पोषण मिळतं. हालचाल थांबली की तेही मंदावतं.

मग किती वेळाने उठायचं?

२० ते ३० मिनिटांनी, एक-दोन मिनिटांसाठी. फोन आला की उभं राहून बोला. लहान पेल्याने पाणी प्या, म्हणजे उठावंच लागेल.

या २० मिनिटांमागे कारण आहे. कंबर वाकलेल्या अवस्थेत इतका वेळ राहिली की मागचे अस्थिबंध हळूहळू ताणले जातात, आणि ताण सोडल्यावर लगेच पूर्ववत होत नाहीत. पहिल्या दोन मिनिटांत साधारण निम्मं सावरतं, बाकीचं अर्ध्या तासातही पूर्ण भरून येत नाही. या काळात कंबर ढिली असते. हिंजवडीहून दीड तास बसमध्ये आकसून घरी आलात आणि दारातच भरलेला गॅस सिलिंडर (जवळपास ३० किलो) वाकून उचललात, तर उसण भरायला ही सगळ्यात सोयीची वेळ. आधी दोन मिनिटं उभे राहा, हात कंबरेवर ठेवून पाच-सहा वेळा हलकेच मागे वाका, मग हात लावा. पाण्याच्या जारलाही हाच नियम.

सकाळी उठल्यावर पहिला तासभर असाच जपायचा. रात्रभर आडवं राहून गाद्या पाण्याने फुगलेल्या असतात. त्या वेळी खोल वाकलं की ताण जास्त येतो.

दुचाकीवर कंबर का जास्त दुखते?

तीन कारणं एकत्र येतात: वाकलेली कंबर, धक्के आणि पाठीवरची बॅग. स्कूटरवर पाय पुढे सपाट असतात आणि गुडघे वर येतात, म्हणून कंबरेचा बाक आधीच पुसलेला असतो. त्यात स्पीडब्रेकरचा धक्का थेट बैठकीच्या हाडांतून कण्यात जातो. मोटरसायकलवर पायाच्या खुंट्यांवर किंचित उठून धक्का गुडघ्यांत घेता येतो. स्कूटरवर ते जमत नाही, तिथे वेग कमी करणं एवढंच हातात आहे. सीटवर फार मागे सरकून हात ताणून बसू नका, कोपर थोडे वाकलेले हवेत. बॅगेचे पट्टे इतके सैल करा की तिचा तळ सीटवर टेकेल. मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा. ते एका बाजूने बूड उचलतं आणि पायात जाणाऱ्या शिरेवर (मज्जातंतूवर) दाबही आणू शकतं. टायरमधली हवा जास्त असली तर धक्केही जास्त, हे बहुतेक जण विसरतात.

पेठेतल्या अभ्यासिकेत दहा तास बसतो. खुर्ची बदलता येत नाही. काही उपाय?

खुर्ची राहू द्या, पुस्तक उचला. सपाट टेबलावरच्या पुस्तकासाठी मान वाकते, मानेमागे छाती वाकते, छातीमागे कंबर. पुस्तकाखाली बॉक्स फाइल आडवी ठेवली की चांगला उतार मिळतो. जुन्या पेढ्यांवर दिवाणजी उतरत्या मेजावर लिहायचे, ते उगाच नव्हे. प्लॅस्टिकच्या खुर्चीची बैठक मागे उतरती असते. मागच्या भागात चादरीची घडी घालून ती सपाट करा. पाठांतर उभं राहून, जिन्यात. आणि जेवल्यावर लगेच टेबलावर डोकं टेकवून झोपू नका, जळजळही होते आणि कंबरही धरते.

सोफ्यावर रेलून बसलं तर काय बिघडतं?

अर्धा तास, काही नाही. कंबरेमागे लोड घ्या. लॅपटॉप मांडीवर घेऊन दिवसभर काम केलंत तर बिघडतं.

एमआरआयमध्ये "गादी सरकली" आलंय. आता बसायचंच नाही का?

रिपोर्टला इतकं घाबरू नका. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात तीन हजारांहून अधिक, कंबर न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन एकत्र पाहिले. विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांतही गादी फुगलेली दिसली, ऐंशीच्या घरात ८४ टक्के. वय वाढलं की केस पिकतात तशी गादीही वाळते. "मणक्यात गॅप" हा शब्द ऐकून लोक वर्षानुवर्षं वाकायचं सोडतात आणि कंबर आणखी कडक करून घेतात. बसा, पण १५-२० मिनिटांचे तुकडे पाडून. बसल्यावर दुखणं मांडीतून खाली पिंढरीकडे उतरत असेल तर ती बैठक सोडा. पायातून वर कंबरेकडे सरकत असेल तर साधारणपणे चांगलं लक्षण आहे.

कंबरेचा पट्टा दिवसभर बांधू का?

नको. तीव्र दुखण्याच्या दिवसांत, प्रवासात, काही तास ठीक. घट्ट पट्ट्याने पोट पुढे येऊ शकत नाही आणि श्वास पुन्हा वर चढतो.

डॉक्टरकडे कधी जायचं?

लघवी-शौचावरचा ताबा सुटला, लघवी अडली, किंवा मांड्यांच्या आतला आणि बैठकीचा भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात. पाऊल उचलेनासं झालं तरीही तसंच. ताप, विनाकारण घटलेलं वजन, पूर्वीचा कर्करोग, पडल्यानंतरचं दुखणं किंवा झोपूनही न थांबणारं दुखणं यांत वाट पाहू नका.

श्वासाचंही तेच. छातीत दुखून दम लागणं, अचानक धाप, ओठ निळसर, एका पायाला सूज: याला बसण्याची पद्धत जबाबदार धरून टॉवेलच्या गुंडाळ्या करत बसू नये.

वडिलांना जुना फुप्फुसांचा आजार आहे. ते पुढे वाकून, कोपर गुडघ्यांवर टेकवून बसतात. त्यांना ताठ बसवू का?

अजिबात नाही. त्यांचं बरोबर आहे. सीओपीडीसारख्या जुनाट आजारात फुप्फुसं फुगून श्वासपटल सपाट झालेलं असतं. पुढे झुकल्यावर पोटातले अवयव त्याला खालून वर ढकलतात, घुमटाचा आकार थोडा परत येतो. हात टेकलेले असल्यामुळे खांद्यांचे स्नायूही बरगड्या उचलायला मोकळे होतात. दम लागला की त्यांच्या समोर टेबल आणि त्यावर दोन उशा द्या. ओठ आवळून, दिवा विझवल्यासारखा हळू श्वास सोडायला सांगा.

रोज दहा मिनिटांत काय करावं?

जमिनीवर उताणे झोपा, पिंढऱ्या खुर्चीवर, खुबे-गुडघे काटकोनात. एक हात पोटावर, एक बरगडीच्या बाजूला. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, पाच मिनिटं. पोट आणि बरगड्यांची बाजू दोन्ही हलायला हव्यात. फक्त पोट फुगवणं हा ध्यास नको. कंबरेला इतका आराम देणारी दुसरी सोपी स्थिती नाही.

मग एक गुडघा चादरीवर टेकून दुसरा पाय पुढे, बूड आवळून खुबा हलकेच पुढे: ३० सेकंद, दोन्ही बाजूंना दोनदा. खुब्यापुढचा जो स्नायू कंबरेच्या मणक्यांपासून निघतो तो दिवसभर बसून आखडलेला असतो. कंबर मागे वाकवून पुढे गेलात तर ताण तिथे न लागता मणक्यांवर येतो. शेवटी उताणं झोपून टॉवेल तळपायात अडकवा आणि एकेक पाय सरळ वर, प्रत्येकी ३० सेकंद. मांडीमागचे स्नायू बैठकीच्या हाडांना चिकटलेले असतात. ते आखूड असले की पाय सरळ करून बसताच हाडं पुढे खेचतात.

जेवणानंतर वज्रासन करावं का?

गुडघे चांगले असतील तर पाच-दहा मिनिटं जरूर. गुडघे दुमडल्यामुळे मांडीमागचे स्नायू सैल पडतात आणि कंबरेचा बाक टिकून राहतो, म्हणून पोक येत नाही. पोटही मोकळं राहतं. टाचा आणि बूड यांत उशी घेतली तर घोट्यांवर भार कमी. पायाला मुंग्या आल्या की लगेच उठा. बधिर होईपर्यंत बसून राहिल्यास गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची शीर दबून पाऊल काही काळ लुळं पडू शकतं.

माकडहाड दुखतं. गोल भोकाची उशी घेऊ?

मागून उघडी, घोड्याच्या नालेसारखी उशी घ्या. गोल भोकाच्या उशीत माकडहाड भोकाच्या मागच्या कडेवरच येतं आणि दाब तिथेच पडतो. उघडी बाजू मागे ठेवा, बैठकीची हाडं उशीच्या घट्ट भागावर. बहुतेक जण ती उलटी ठेवतात.